ग्रामीण स्त्रीची पत

‘पत’ हा मराठी भाषेंतील दोन अर्थांचा शब्द आहे. बाजारांत पत म्हणजे उधार मिळविण्याची ऐपत. गांवांत पत म्हणजे माणसाच्या शब्दाला असलेली किंमत. पहिली पेढीवर मोजली जाते, दुसरी पारावर. खेड्यांतील पुरुषाच्या ठायीं हे दोन्ही अर्थ बहुधा एकत्र नांदत आले. जमीन ज्याच्या नांवावर, त्याला सावकार कर्ज देई आणि चावडीवर त्याच्याच शब्दाला मान मिळे. स्त्रीची गोष्ट निराळी होती. पेरणी, खुरपणी आणि मळणी यांतील मोठा वांटा तिच्या हातांनीं उरकला जात असतांही बाजारांत तिला स्वतःची अशी पत नव्हती. ती पत कशी मिळाली आणि पुरती मिळाली काय, हा महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासांतील महत्त्वाचा, परंतु बराचसा दुर्लक्षित भाग आहे. त्याचा मागोवा घ्यावयाचा तर नेवाशापासून आरंभ करणें सोयीचें आहे.

प्रवरेच्या दोन्ही कांठांवर नेवासा खुर्द व नेवासा बुद्रुक अशीं गांवें वसलेलीं आहेत. तेथून थोड्याच अंतरावर, टोक्याजवळ, प्रवरा गोदावरीस मिळते. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी येथें सिद्ध झाली, एवढ्यावरून मराठी मनांत या क्षेत्राचें स्थान अढळ आहे. गांवाचें दैवत मोहिनीराज. अमृताची वांटणी करण्यासाठीं विष्णूनें मोहिनीचें रूप घेतलें तें येथेंच, अशी श्रद्धा आहे. सध्यांचें मोहिनीराजाचें देऊळ इ. स. १७७३ च्या सुमारास होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं बांधविलें. आणि या चंद्रचुडांचें नांव निघालें, कीं स्त्रीच्या आर्थिक अधिकाराचा एक मोठा प्रसंग आठवल्यावांचून राहत नाहीं.

मल्हारराव होळकर १७६६ सालीं वारले व त्यांचे नातू मालेराव पुढल्याच वर्षीं निवर्तले. तेव्हां गादीवर दत्तक बसवावा आणि कारभार दिवाणानें पाहावा, असा बेत चंद्रचुडांनीं रचला. राघोबादादांचेंही त्यास पाठबळ होतें. अहिल्याबाईंनीं तो बेत हाणून पाडला. त्यांचें धैर्य, मुत्सद्देगिरी आणि सैन्याची निष्ठा यांचें वर्णन पुष्कळदां होतें. त्या मानानें आणखी एका गोष्टीचा उल्लेख कमी होतो. १७३४ सालीं बाजीराव पेशव्यांनीं मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नांवें स्वतंत्र खासगी जहागीर करून दिली होती. दौलत निराळी आणि खासगी निराळी, अशी ही व्यवस्था असून, खासगीचें उत्पन्न घरच्या कर्त्या स्त्रीचें असे. गौतमाबाईंच्या मागून ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनीं घाट, विहिरी, धर्मशाळा व देवळें बांधलीं, तीं बव्हंशीं या खासगीच्या बळावर. याच जिल्ह्यांतील चौंडी गांवीं जन्मलेल्या या स्त्रीचें नांव २०२४ सालीं जिल्ह्याला मिळालें आणि अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. तिच्या कर्तृत्वामागें तिच्या नांवचें द्रव्य होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

सामान्य कुणब्याच्या घरीं खासगी जहागीर कोठून असणार? तेथें स्त्रीच्या नांवचें धन म्हणजे तिच्या अंगावरचे दागिने. धर्मशास्त्रानें स्त्रीधन मानलें होतें. मनुस्मृतींत त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि मिताक्षरेनें त्याची व्याप्ति वाढविली आहे. पण त्याच परंपरेंत एक अपवादही आहे. दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास या चार प्रसंगीं नवऱ्यानें बायकोचें स्त्रीधन वापरलें, तर तें परत करण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं, असें याज्ञवल्क्य सांगतो. शास्त्रकारानें अपवाद म्हणून सांगितलेला दुष्काळ नगरकडच्या पर्जन्यछायेच्या मुलखांत वरचेवर येणारा. म्हणजे येथें अपवादाचाच नियम झाला! पाऊस चुकला, कीं प्रथम पाटल्या जात, मग गळ्यांतील सरी जाई आणि शेवटीं काळी पोत तेवढी राही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनमधील चांदीचे दागिने वितळविण्यासाठीं मुंबईच्या टांकसाळींत येऊन पडूं लागले. त्यांतील प्रत्येक दागिना कोणत्या तरी बाईची एकुलती एक शिल्लक होती.

या दुष्काळाच्या आधींच नगर व पुणें जिल्ह्यांत सावकारीविरुद्ध मोठा उठाव झाला होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचे भाव चढले, सावकारांनीं हात सैल सोडून कर्जें दिलीं, आणि युद्ध संपतांच भाव कोसळले. त्यांतच फेरपाहणीनें सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें तीन वर्षांनीं कर्ज बुडूं लागलें, म्हणून सावकार दर तीन वर्षांनीं मुद्दल आणि व्याज मिळवून नवें खत लिहवून घेऊं लागले. कुळाच्या संरक्षणासाठीं केलेला कायदा अशा रीतीनें त्याच्याच गळ्याचा फांस झाला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं दंगल उसळली आणि लौकरच ती नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें व कर्जत या भागांत पसरली. सावकारांना ठार मारण्यापेक्षां त्यांच्याजवळचीं खतें जाळण्यावर लोकांचा रोख होता. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसें पकडलीं गेलीं व ५०१ जणांना शिक्षा झाल्या. पुढें चौकशी झाली व १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं खास कायदा आला. खताच्या पाठीमागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायालयास दिला.

या इतिहासांत स्त्रिया कोठें आहेत? खतावर अंगठा नवऱ्याचा, तारण जमिनीचें आणि ती जमीनही त्याचीच. बायकोचें नांव कागदावर येण्याचें कारणच नव्हतें. तथापि कर्ज फेडण्यासाठीं विकलें जाणारें दूधतूप तिचें होतें, सावकाराच्या घरीं दळणकांडण करावयास जाणारी तीच होती आणि गहाण पडणारे दागिनेही तिचेच होते. तिला कर्ज काढतां येत नव्हतें, परंतु फेडावें मात्र लागत होतें. ग्रामीण स्त्रीच्या आर्थिक स्थितीचें याहून नेमकें वर्णन करतां येणार नाहीं.

असें असतांही शिल्लक टाकण्याची कला या स्त्रीला अवगत होतीच. धान्याच्या कणगींत, डाळीच्या डब्यांत, फडताळांतील जुन्या लुगड्याच्या घडींत ती पैसा-आणा दडवून ठेवी. शेजारणींनीं मिळून भिशी लावण्याची रीतही जुनी आहे. बारा जणींनीं दरमहा ठराविक रक्कम एकत्र करावयाची, चिठ्ठी टाकावयाची आणि जिचें नांव निघेल तिनें ती सगळी उचलावयाची. वर्ष संपलें कीं भिशी फुटते. तींत लबाडी क्वचितच घडते, कारण रोजचें पाणी एकाच आडावर भरावयाचें असतें. परंतु भिशींत दोन उणिवा आहेत. एक तर गरज ज्या दिवशीं पडते त्या दिवशीं चिठ्ठी निघेलच असें नाहीं. आणि दुसरें म्हणजे वर्षाअखेर मागें कांहीं निधि उरत नाहीं. थेंबें थेंबें तळें सांचविण्याचा प्रयोग महाराष्ट्रानें सार्वजनिक कार्यांत करून पाहिला होता. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडांतून १९०८ सालीं तळेगांवचा कांचकारखाना उभा राहिला. एकेका पैशांतून कारखाना होऊं शकतो हें तेथें दिसलें; पण त्या निधींतून खेड्यांतील बाईच्या अडीनडीची सोय व्हावयाची नव्हती.

सहकाराच्या चळवळीनें ती सोय करावयास हवी होती. जर्मनींत फ्रीडरिख रायफायझेन यांनीं १८६४ सालीं गांवकऱ्यांची पतपेढी उभारली, तिचें तत्त्व मोठें मार्मिक होतें. एकट्या गरिबाला कोणी कर्ज देत नाहीं. पण सगळ्या गांवानें एकमेकांसाठीं जबाबदारी पत्करली, तर त्या सामायिक जबाबदारीचेंच तारण होतें. आपल्याकडे वेडरबर्न व न्यायमूर्ति रानडे यांनीं १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत पुरंदर तालुक्यासाठीं शेतकी पेढीची योजना मांडली, परंतु विलायतेंतून तिला संमति मिळाली नाहीं. अखेर १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. नेवाशाच्या शेजारींच, प्रवरेच्या खोऱ्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं १९२३ सालीं पतपेढी काढली, आणि त्याच खटपटींतून पुढें प्रवरेचा सहकारी साखर कारखाना जन्मास आला. धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांचें त्यास मोठें साहाय्य झालें. १९५०-५१ च्या हंगामांत कारखान्याचें गाळप सुरू झालें आणि जिल्ह्याचें रूप पालटलें. पुढें नेवासा तालुक्यांतही भेंडें येथें ज्ञानेश्वर आणि सोनई येथें मुळा, असे दोन सहकारी कारखाने झाले.

सहकाराची ही कामगिरी खरोखर मोठी आहे. परंतु सभासद होण्यास ऊंस हवा, उंसाला जमीन हवी आणि जमीन पुरुषाच्या नांवची. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत असें दिसून आलें, कीं शेतकऱ्यांनीं घेतलेल्या कर्जापैकीं शेंकडा तीनच्या आसपास रक्कम सहकारी संस्थांकडून आली होती. बहुतेक सगळें कर्ज अजून सावकाराचेंच होतें. त्या तिनांत स्त्रीचा वांटा तो किती असणार! उंसाच्या फडांतील हिशेब तर आणखी बोलका आहे. पाथर्डी व बीडकडून येणाऱ्या तोडणी मजुरांत नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. नवरा ऊंस तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. हंगामापूर्वीं मिळणारी उचल मात्र सामान्यतः नवऱ्याच्या हातीं पडते. अर्ध्या कोयत्याचे श्रम तिचे, पण उचलीचा कागद त्याचा.

या स्थितींत पालट होण्यास एक दुष्काळच कारण झाला, हा इतिहासाचा विचित्र योग म्हणावा लागेल. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं सरकारी कामें निघालीं. १९७३ च्या मे महिन्यांत त्यांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोंचली होती. खडी फोडण्यास, पाझर तलाव खणण्यास आणि रस्त्यांवर माती टाकण्यास बायका फार मोठ्या संख्येनें गेल्या. हजेरीपटावर त्यांचें नांव लागलें आणि मजुरी त्यांच्या हातांत पडली. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ सालीं कायद्याचें रूप मिळालें व स्त्रीपुरुषांना सारखी मजुरी हें तत्त्व तींत रुजलें. पूर्वीं दुष्काळ येई आणि बाईचे दागिने नेई; या वेळीं त्यानें तिचें नांव प्रथमच सरकारी कागदावर लिहिलें.

त्याच सुमारास अन्य ठिकाणींही नवे प्रयोग चालू झाले होते. अहमदाबादेस १९७४ सालीं चार हजार कष्टकरी स्त्रियांनीं दहा-दहा रुपये घालून ‘सेवा’ सहकारी बँक उभारली. मुंबईच्या गिरणगांवांत १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं खानावळी चालविणाऱ्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. त्याच वर्षीं, आंतरराष्ट्रीय महिला वर्षाचें निमित्त साधून, महाराष्ट्र शासनानें महिला आर्थिक विकास महामंडळ निर्माण केलें. ‘माविम’ या लहान नांवानें तें खेडोपाडीं ओळखलें जातें. १९८६ च्या नोव्हेंबरांत चांदवड येथें शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनास लाखोंच्या संख्येनें स्त्रिया जमल्या, आणि पुढें शरद जोशी यांनीं ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हातीं घेऊन शेताचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करण्याचें आवाहन शेतकऱ्यांना केलें. पुणें जिल्ह्यांतील खेड तालुक्यांत सुधाताई कोठारी व त्यांच्या ‘चैतन्य’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनीं १९८९ च्या सुमारास बायकांचे बचत गट बांधण्यास आरंभ केला. १९९२ सालीं नाबार्डनें देशांत पांचशें गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आज देशांतील अशा गटांची संख्या एक कोटीवर गेली आहे.

बचत गट म्हणजे भिशी आणि रायफायझेनची पतपेढी यांचा संगम होय. दहा ते वीस बायका एकत्र येतात. वीसांची मर्यादा सहज ठरलेली नाहीं. त्याहून अधिक माणसांनीं मिळून पैशाचा व्यवहार केला, तर कंपनी कायद्याखालीं नोंदणी करावी लागे, म्हणून गट त्या आंत ठेवण्यांत आला. अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष आपसांत निवडतात. नियमित सभा, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही त्याची पंचसूत्री. वीस जणींनीं दरमहा पन्नास रुपये टाकले, तर महिन्यास एक हजार आणि वर्षास बारा हजार रुपये जमतात. त्यांतून ज्या बाईला नड असेल तिला कर्ज मिळतें. व्याज बहुधा दरमहा शेंकडा दोन असतें. शहरांतील वाचकास हा दर जड वाटेल. परंतु खेड्यांतला खासगी सावकार दरमहा शेंकडा पांच आणि कधीं दहाही घेतो. शिवाय सावकाराचें व्याज गांवाबाहेर जातें, गटाचें व्याज गटांतच राहतें व वर्षाअखेर त्याच बायकांच्या निधींत भर घालतें. व्याज देणारी आणि व्याज घेणारी एकच, ही किमया भिशींत नव्हती. सहा महिने व्यवहार नीट चालला, कीं बँक गटाच्या वह्या तपासते आणि शिलकेच्या कांहीं पट कर्ज देते. जमिनीचा उतारा मागितला जात नाहीं. जिच्या वाट्याचा हप्ता चुकेल, तिच्यासाठीं बाकीच्या उभ्या राहतात. पारावरची पत प्रथमच पेढीवर चालूं लागली, ती अशी.

शब्दावर व्यवहार चालण्याची गोष्ट नेवासा तालुक्याला अपरिचित नाहीं. शनिशिंगणापुरांत घरांना दारें नसावीत ही जुनी चाल आहे, आणि २०११ सालीं युको बँकेनें तेथें कुलुपावांचून शाखा उघडली तेव्हां देशभर नवल झालें. तेथें धाक शनिदेवाचा. बचत गटांत धाक शेजारणीच्या नजरेचा. दोहोंचा हिशेब एकच आहे: जेथें माणसें परस्परांस ओळखतात, तेथें विश्वासाची किंमत लोखंडाच्या कुलुपाहून अधिक ठरते.

बाईला अक्षर येत नसलें तरी हिशेब येतो, याचा दाखला सातारा जिल्ह्यांतील म्हसवडनें दिला. माण तालुक्यांतील स्त्रियांची सहकारी बँक काढण्यासाठीं चेतना गाला सिन्हा यांनीं अर्ज केला, तेव्हां बहुतेक प्रवर्तक स्त्रिया अंगठा उठविणाऱ्या असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेनें तो नाकारला. त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हां अधिकाऱ्यांपुढें गेल्या. कोणत्याही रकमेचें व्याज तोंडी सांगूं, तुमच्या अधिकाऱ्यांनीं यंत्रावर करून पाहावें, असें त्यांनीं आव्हान दिलें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँकेस परवाना मिळाला.

२००३ सालीं माविमला राज्यांतील बचत गटांच्या कामाची मुख्य संस्था म्हणून नेमण्यांत आलें. २०११ नंतर राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखालीं ‘उमेद’चें काम टप्प्याटप्प्यानें राज्यभर पोंचलें. गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी उतरंड उभी राहिली. शेळी, गाय, शिलाईयंत्र, पापडमसाल्याचा धंदा, मुलीची फी, सासूचें डोळ्याचें ऑपरेशन अशा नाना कारणांसाठीं हा पैसा फिरतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सभेंत बोलण्याची संवय. पंचायतींत स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या, तेव्हां गटाच्या वहीवर सही करून सरावलेल्या कित्येक हातांनीं पुढें ग्रामपंचायतीच्या ठरावांवर सह्या केल्या.

या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. बाईच्या नांवें निघालेलें कर्ज नवराच वापरतो आणि हप्ता मात्र तिनें मोलमजुरीनें भरावयाचा, असें पुष्कळ घरीं घडतें. १८७५ च्या कुळाच्या बायकोची स्थिति याहून फार वेगळी नव्हती. दुसरा धोका मायक्रोफायनान्स कंपन्यांचा. त्यांनीं गटाची सामुदायिक जबाबदारी तेवढी उचलली, बचत वगळली. पैसा बाहेरचा, नफा बाहेर जाणारा आणि वसुलीसाठीं शेजारणींचा दाब, असा तो व्यवहार झाला. एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठीं दुसरीचें कर्ज, असें चक्र फिरूं लागलें. २०१० सालीं आंध्र प्रदेशांत त्यावरून गहजब उडाला व सरकारला तांतडीनें कायदा करावा लागला. २०१६ च्या नोटाबंदीनंतर महाराष्ट्रांतही अनेक ठिकाणीं या कर्जांविरुद्ध स्त्रिया रस्त्यावर आल्या. मुदतीचा कायदा कुळासाठीं होऊन कुळावरच उलटला, तोच प्रकार येथें घडला. शेजारणींची सामायिक हमी हें दुबळ्यांचें बळ आहे. तें परक्याच्या हातीं गेलें, कीं त्याचाच पाश होतो. गटाची वही गटाच्याच हातीं आहे काय, हा म्हणून पहिला प्रश्न होय.

दुसरा प्रश्न जमिनीचा. १९९४ सालीं महाराष्ट्रानें आणि २००५ सालीं साऱ्या देशानें मुलीला वडिलार्जित मिळकतींत मुलाबरोबरीचा हक्क दिला. कायदा झाला, पण भावाचें माहेर तुटूं नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून देणाऱ्या बहिणी आजही थोड्या नाहींत. बचत गटानें स्त्रीला जमिनीवांचून पत मिळवून दिली, हा त्याचा पराक्रम; आणि ती पत शेळीपुरती, शिलाईयंत्रापुरती राहिली, विहिरीपर्यंत आणि शेतापर्यंत क्वचितच पोंचली, ही त्याची मर्यादा. गौतमाबाईंच्या नांवें जहागिरीची सनद होती, म्हणून अहिल्याबाईंना घाट बांधतां आले. प्रवरेकांठच्या शेतकरी स्त्रीच्या हातीं आज बँकेचें पासबुक आहे. सातबाऱ्यावर तिचें नांव लागेल, त्या दिवशीं ‘पत’ या शब्दाचे दोन्ही अर्थ तिच्या ठायीं एकत्र येतील.